बोर्नमथची थंडी आणि लाकडी खोपटं
एप्रिल म्हणजे उन्हाळा, असं आई पुण्याहून ठरवूनच आलेली. इंग्लंडातल्या बोर्नमथच्या किनाऱ्यावर मात्र स्वेटर, त्यावर शाल, शालीवर माझं जाकीट! दिवसभरासाठी भाड्याने घेतलेलं रंगीत खोपटं जेमतेम देवघराएवढं: गॅसची शेगडी, घडीच्या खुर्च्या, वाऱ्याने धडधडणारं दोन फळ्यांचं दार. आल्याचा चहा उकळला तेव्हा कुठे मंडळी माणसांत आली.

पूर्वी इंग्लंडात आडोशाने समुद्रस्नान करता यावं म्हणून चाकांच्या खोल्या घोडे पाण्यात ओढून नेत. पुढे तो संकोच गेला, चाकं गेली. खोली वाळूवर राहिली, तेच हे खोपटं. बोर्नमथ नगरपालिकेने पहिलं खोपटं १९०९ मध्ये बांधलं. जवळच्या मडफर्डला तर नळ-वीज नसलेली खोपटी तीन लाख पौंडांवर विकली गेलीत. आपण भाड्याचंच घ्यावं, आणि कानटोपी न्यावी.