टंचाईच्या गावात गच्चीवर हिरवी कमळे

बीड : उन्हाळा लागला की बीडमध्ये पहिली कुऱ्हाड कोसळते ती गच्चीवरील बागेवर. नळाच्या पाण्याचे दिवस लांबतात, टँकर दारात उभा राहू लागतो आणि माणसांच्या वाट्याचे पाणी कुंड्यांना घालणे मनाला पटेनासे होते. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडे पडले, तेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात गुलाब-मोगऱ्याऐवजी कमी पाण्यावर तगणाऱ्या शोभेच्या झाडांकडे बागप्रेमींची दृष्टी वळावी, हे स्वाभाविकच.

जाड, मांसल पाने कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे एका केंद्राभोवती रचलेली ही झाडे रोपवाटिकांत 'सक्युलंट' या नावाने मिळतात. मूळची मेक्सिकोकडील इचेवेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतील हॉवर्थिया ही त्यांतील परिचित नावे. मात्र हौसेने आणलेले रोप काही महिन्यांतच मान टाकते, असा अनुभव अनेकांना येतो. पाण्याच्या तुटवड्यापेक्षा पाण्याचा अतिरेकच बहुधा त्याला कारणीभूत असतो.

रात्री उघडणारी पाने

इतर झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडतात आणि त्यातून बरेच पाणी गमावतात. ही झाडे रंध्रे प्रामुख्याने रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्या वेळी घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवला जातो आणि दिवसा रंध्रे मिटून त्यापासून अन्न तयार होते. याच कुळातील पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत ती चव निघून जाते, हे निरीक्षण बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात पाने चाखून नोंदविले. त्याविषयीचे त्याचे पत्र १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठवाड्याला ही जात अगदीच अनोळखी नाही. शेताच्या बांधावरील केकताड, म्हणजेच घायपात, हेही मूळचे मेक्सिकोकडील आणि याच रचनेचे झाड. त्याच्या वाखापासून दोर वळले जात. घरोघरची कोरफडही त्याच धाटणीची. बांधावरच्या केकताडाला कोणी पाणी घालत नाही, ही गोष्ट कुंडीतल्या रोपाला पाणी घालताना आठवावी.

काळी माती नको

कापसाला मानवणारी काळी माती या झाडांना घातक ठरते, कारण ती ओल धरून ठेवते. एक भाग बागेची हलकी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा असे मिश्रण घ्यावे. तळाला छिद्र असलेली मातीची कुंडी उत्तम. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये.

पाणी द्यायचे ते छिद्रातून बाहेर येईपर्यंत, मात्र नंतर माती पूर्ण वाळेपर्यंत हात आवरावा. लाकडी काडी मातीत खुपसून पाहावी. ती ओलसर निघाली तर थांबावे. पाणी मातीवर घालावे, पानांच्या मध्यभागी साचू देऊ नये. पाने सुरकुतली तर तहान समजावी. ती पिवळसर, पारदर्शक आणि लिबलिबीत झाली तर कुजण्यास सुरुवात झाली असे समजावे. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, पण उजेडात ठेवाव्यात.

ऊनही बेताचेच

चाळीस अंशांपुढे जाणारे येथील ऊन इचेवेरियाला सोसत नाही. उन्हाळ्यात तिला सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. या दिवसांत वाढ मंदावते, म्हणून पाणी वाढविण्याचा मोह टाळावा. द्यायचे ते सायंकाळी आणि मोजकेच द्यावे. पानांवरील पांढरट लेप उन्हापासून संरक्षण करतो, तो पुसू नये. खिडकीतील सौम्य उजेडात हॉवर्थिया अधिक सुखी राहते. उजेड कमी पडला की इचेवेरियाचे खोड लांबते आणि कमळाचा घाट बिघडतो. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने तो टिपून काढावा.

एका रोपाची अनेक रोपे

इचेवेरियाचे निरोगी पान देठापासून अखंड काढावे, दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे आणि कोरड्या मिश्रणावर नुसते ठेवावे. काही आठवड्यांत त्याला मुळे आणि चिमुकले रोप फुटते. हॉवर्थियाच्या बुडाशी येणारी पिले वेगळी करून लावता येतात. त्यामुळे पुन्हा रोपवाटिकेकडे जाण्याची गरज उरत नाही.

टंचाईच्या दिवसांत बाग ठेवावी की नाही, हा प्रश्न अनेक घरांत दरवर्षी उभा राहतो. तांब्याभर पाण्यात कित्येक दिवस भागविणारी ही झाडे त्यावर एक मध्यम मार्ग देतात. अट एवढीच की, हातात तांब्या घेण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे.