दिवाळीच्या फोटोत चेहरा केशरी का?

खिडकीजवळ बसलेल्या आजीचा फोटो नैसर्गिक येतो. पणत्यांपाशी मात्र त्याच चेहऱ्यावर केशरी छटा चढते. कारण उजेडाच्या रंगात आहे. हा रंग केल्विनमध्ये मोजतात. पणतीची ज्योत साधारण १,९००, पिवळा बल्ब २,७००, दुपारचं ऊन ५,५००, तर निरभ्र आकाशाखालची सावली ७,०००च्या आसपास. आकडा कमी तितका उजेड तांबूस. हे उलटं वाटतं खरं, पण भट्टीतलं लोखंडही आधी लाल होतं, मग पांढरं.

मेंदू हा फरक बराचसा झाकतो, म्हणून पांढरा सदरा पणतीपुढेही पांढराच वाटतो. कॅमेरा ‘व्हाइट बॅलन्स’ने अंदाज बांधतो. पण एकीकडे खिडकी, दुसरीकडे पणती असली की एकच अंदाज दोन्हींना लागू पडत नाही आणि अर्धा चेहरा निळसर, अर्धा केशरी दिसतो.

रंगासारखाच उजेडाचा कोनही फोटो बदलतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत व्हर्जिनियातलं हर्नडन सुमारे ३९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर असतो, पुण्यात ४८. तिरप्या उन्हात डोळ्यांखाली गडद सावल्या कमी पडतात, त्यामुळे अंगणातल्या फोटोंना तिथला हिवाळा चांगलाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर दिवाळी आली, तर तिथल्या मराठी घरांत ती संध्याकाळी दिव्यांच्याच उजेडात टिपावी लागते. अशा वेळी छताचा पांढरा दिवा बंद करून पणत्यांसोबत फक्त पिवळा दिवा ठेवावा. फ्लॅश टाळलेलाच बरा.