सातवाहनांच्या मुलखातील रोमन खुणा

● वाट : गोदाकाठी पैठण वसले आहे. पैठण आणि तगर (आजचे तेर) येथील माल गाड्यांतून भडोच बंदरात जाई, असे पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नमूद आहे.

● तेर (धाराशिव) : गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पुरावस्तू जमवल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे.

● कोल्हापूर : ब्रह्मपुरीत मिळालेला ब्राँझचा पोसायडन, हा ग्रीक-रोमन समुद्रदेव, टाउन हॉल संग्रहालयात आहे.

● कायदा : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो; खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.