गालाचा तुकडा काय सांगत आला

1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातल्या एका विकाराची नोंद केली आणि कारण ठाऊक नसल्याचे त्याच्या लांबलचक लॅटिन नावातच कबूल केले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी टाळू आणि घशाच्या कमानी ताठ झालेल्या रुग्णांविषयी लिहिले. ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे आजचे नाव तिथून रुळले.

तेव्हा संशय होता मिरचीवर. रुग्णाची पहिली तक्रार ‘तिखट लागतं, तोंडाची आग होते’ अशी असे, त्यामुळे तो स्वाभाविकच होता. 1960 मध्ये सत्यवती सिरसाट आणि वसंत खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतले कॅप्सेसिन लावून ऊतींत काय घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मिरचीवरचा आळ पुढे बराच ओसरला. रुग्ण मात्र आजही आधी तिखट सोडतो आणि सुपारी चालू ठेवतो.

खरी पायाभरणी 1966 ची. कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी बायप्सीचे तुकडे तपासून आजाराच्या पायऱ्या लावल्या. अगदी सुरुवातीला वरच्या अस्तराखालची जागा सुजलेली, कोलॅजनचे तंतू बारीक आणि विरळ, रक्तवाहिन्या फुगलेल्या. मग लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी गोळा होतात, तंतू जाडावत जातात. शेवटी सारे कोलॅजन एकसंध, काचेसारखे गुळगुळीत दिसते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरचे अस्तर पातळ होऊन त्याची खाली उतरणारी बोटे नाहीशी होतात. या वर्णनाचे मोल असे की हाताला लागणाऱ्या ताठ पट्ट्यांमागे आधी दाह असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पट्टे हा त्या दाहाचा उत्तरार्ध.

पण स्लाइडवर सुपारी दिसत नाही. ती सापडली सवयी विचारणाऱ्यांना. महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडे तपासणारा मेहता, गुप्ता, पिंडबोर्ग आदींचा अभ्यास 1972 मध्ये आला; तोंडाचे आजार आणि सवयी यांची सांगड घालणारी अशी पाहणी त्याआधी इतर राज्यांतही झाली होती. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना चेव येतो, हे प्रयोगशाळेत दिसले ते ऐंशीच्या दशकात. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये छापले. तोवर गुटख्याच्या पुड्या पानटपऱ्यांवर लटकून बरीच वर्षे झाली होती. महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, तरी मावा आणि विदर्भातला खर्रा काही थांबला नाही.

या सगळ्यात बायप्सीचे काम बदलले. आज निदानासाठी अनुभवी डॉक्टरला बहुतेक वेळा गालावरून फिरवलेले बोट आणि पुढच्या दातांमधले अंतर मोजणारी पट्टी पुरते. स्लाइडवरची पायरी आणि तोंड उघडण्याचे मिलिमीटर यांचा मेळही नेहमी बसत नाही. तुकडा वरवरचा असतो, ताठपणा स्नायूपर्यंत गेलेला असू शकतो. शिवाय दोन बोटेही न शिरणाऱ्या तोंडात मागच्या गालाचा तुकडा काढणे, टाके घालणे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही जिवावर येते, आणि आधीच आखडलेल्या गालावर जखमेचा आणखी एक व्रण उरतो. म्हणून सरसकट प्रत्येकाची बायप्सी करू नये, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे.

मात्र गालावर लालसर चट्टा, खडबडीत पांढरा डाग किंवा न भरणारा व्रण दिसला, तर चालढकल नको. तिथे प्रश्न फायब्रोसिसचा नसतो, अस्तराच्या पेशी बिघडू लागल्या आहेत का याचा असतो, आणि त्याचे उत्तर बोटाने मिळत नाही. तुकडाही त्या चट्ट्यातूनच घ्यायला हवा; सोपा पडतो म्हणून ओठाजवळून घेतलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टला खोटा दिलासा द्यायला लावतो. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात 66 रुग्णांवर 17 वर्षे नजर ठेवली, तेव्हा 7.6 टक्क्यांना कर्करोग झाला. 1985 मध्ये हे प्रसिद्ध झाले. इतक्या लांबच्या पल्ल्यात एकदा आलेला ‘डिसप्लेझिया नाही’, म्हणजे पेशींत बिघाड नाही, हा रिपोर्ट त्या दिवसापुरता आणि त्या तुकड्यापुरताच खरा असतो. चट्टा बदलला की पुन्हा बायप्सी करावीच लागते.