दंडावरचं नाव आणि पाच नॅनोसेकंद

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने मोठ्या मनाने सांभाळून घ्याव्यात. विषय मात्र आमच्या रूममध्येच घडलेला आहे, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

तर झालं असं. माझ्या रूममेटने (नाव छापलं तर मेसमध्ये माझ्या वरणात मीठ ओतेल!) फर्स्ट इयरला दंडावर एक नाव गोंदवून घेतलं. ज्याचं नाव, तो सेकंड इयरपर्यंतही टिकला नाही. नाव टिकलं. आता तिला एसएससी टेक्निकल एंट्रीतून आर्मीत जायचंय. आर्मीचा नियम असा की कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंज्याच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी समाजांना परंपरेप्रमाणे सूट आहे. दंड यात कुठेच बसत नाही.

मग एका रात्री कपाटातून एक छोटी बाटली निघाली. नेटवरून मागवलेली. लेबलवर लिहिलेलं: टीसीए, ५० टक्के. "अगं, पिंपल्सच्या डागांना पील करतात ना, तेच हे. दोन-तीनदा लावलं की उडून जाईल." मी बाटली हिसकावून घेतली, भांडण झालं, दोन दिवस अबोला. त्या दोन दिवसांत मी जे वाचून काढलं ते खाली देतेय.

आधी आजीचं गोंदण आठवा. माझ्या आजीच्या कपाळावरचं गोंदण साठ वर्षांनंतरही जागच्या जागी होतं. खरं तर कातडीचा वरचा थर, एपिडर्मिस, महिना-दीड महिन्यात नवा होतो. मग गोंदण का जात नाही? कारण ते त्या थरात नसतंच. एपिडर्मिस जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, आणि शाई असते त्याच्या खालच्या डर्मिसमध्ये, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथे मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी शाईचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिने सोडलेली शाई शेजारची नवी पेशी उचलते. म्हणजे हॉस्टेलच्या रूमसारखंच, सीनियर गेला की ज्युनियर येतो, सामान तिथेच! (आणि काळ्या काजळीचं गोंदण हिरवट-निळं दिसतं ते वरच्या कातडीत प्रकाश विखुरतो म्हणून. शाई बदललेली नसते.)

आता ॲसिड. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. ते प्रोटीन गोठवतं, अंडं उकडल्यावर पांढरं होतं तसं. कातडी पांढरी पडते, मग काळपट होऊन सोलून निघते. डॉक्टर ते खरोखर वापरतात, पण हिशोबाने. १० ते ३० टक्के असेल तर काम वरच्या थरातच उरकतं, ३५ टक्क्यांच्या आसपास ते डर्मिसच्या वरच्या भागापर्यंत जातं. ५० टक्क्यांपासून पुढे व्रण राहण्याचा धोका बराच वाढतो. म्हणजे पंचाईत बघा. हलका पील शाईपर्यंत पोचतच नाही, आणि पोचेल एवढा कडक लावला तर वाटेतलं सगळं जाळत जातो. शाई कुठली आणि कातडी कुठली हे ॲसिडला कळत नाही. टॅटू थोडा फिकट होईलही, पण त्याच्या जागी व्रण येऊ शकतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर काळे डाग, पांढरे चट्टे किंवा फुगीर केलॉइडही येऊ शकतात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने असे कडक पील डॉक्टरांशिवाय घरी वापरू नका, असा इशारा दिलाय.

लेसरची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या सिलॅबसच्या जवळची आहे. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी 'सायन्स'मध्ये मांडलेली कल्पना अशी: कातडीपेक्षा शाई जास्त शोषेल असा प्रकाश निवडायचा, आणि तो इतका कमी वेळ टाकायचा की कणाने उष्णता शेजाऱ्याला द्यायच्या आतच काम संपावं. तापलेल्या तव्याला चटकन बोट लावून काढलं तर भाजत नाही, तसंच काहीसं.

हे जमतं क्यू-स्विचिंगमुळे. धरणाचे दरवाजे बंद ठेवून पाणी साठवायचं आणि एकदम सगळे उघडायचे, तशी क्रिस्टलमधली ऊर्जा एका झटक्यात सोडतात. समजा पल्सची ऊर्जा अर्धा ज्यूल आणि वेळ ५ नॅनोसेकंद. भागाकार करा: १०० मेगावॅट! कोयनेची सगळी क्षमता १९६० मेगावॅट, म्हणजे तिचा जवळजवळ विसावा हिस्सा एका मशीनमधून, ५ नॅनोसेकंदांपुरता. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त दीड मीटर जातो, आपल्या कॉटच्या लांबीएवढासुद्धा नाही. (आमच्या विंगमध्ये मात्र एका इस्त्रीने फ्यूज उडतो.)

या धक्क्याने कण फुटतात. पण लेसर शाई 'पुसत' नाही, नुसती फोडतो. तुकडे उचलून लिम्फमार्गे नेण्याचं काम शरीर करतं, आणि ते त्याच्या वेगानेच होतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडतात. घाई केली तर फोड आणि डाग.

रंगाचीही भानगड आहे. काळ्या शाईला एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटर उत्तम, आणि आपल्या कातडीतलं मेलॅनिन तो कमी शोषतं, म्हणून सावळ्या रंगाला तोच जास्त सुरक्षित. लाल शाईला ५३२ लागतो, पण तो मेलॅनिनलाही लागतो. हिरवी शाई या दोघांनाही फारशी दाद देत नाही, तिला वेगळा लेसर हवा. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई तर कधीकधी लेसरने उलट काळी पडते! आणि १०६४ डोळ्यांना दिसत नाही, तरी डोळा कायमचा खराब करू शकतो. गॉगल न देणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावं. एवढं करूनही टॅटू शंभर टक्के जाईलच अशी गॅरंटी प्रामाणिक डॉक्टर देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी अबोला संपला. बाटली आम्ही केमिस्ट्री लॅबमधल्या काकांकडे नेऊन दिली. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि म्हणाले, "पोरींनो, हे आम्ही ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय उघडत नाही." रूममेट काही बोलली नाही, बाही खाली ओढली फक्त.

नंतर आम्ही स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. सुदैवाने शाई नुसती काळी निघाली. गरम फोडणीचं तेल उडावं तसं लागतं म्हणे. एका सिटिंगचा खर्च तिच्या मेसच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या बिलाएवढा, त्यामुळे ती संध्याकाळी दहावीच्या दोन मुलींना मॅथ्स शिकवतेय. घरी अजून सांगितलेलं नाही.

आतापर्यंत तीन सिटिंग झाल्यात. शेवटची दोन अक्षरं पार पुसट झालीत, पहिलं अक्षर उन्हात उभी राहिली की अजून वाचता येतं. चौथी तारीख नेमकी सबमिशनच्या आठवड्यात आलीय.