जुने हार्डवेअर : भंगार की भांडवल?

आपल्या समाजात फॅब्रिकेटर, प्लंबर, सुतार, कुलूपवाले, गॅरेजवाले आणि भंगाराचे व्यापारी यांची संख्या मोठी आहे. या सर्वांच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात एक पोते हमखास असते. त्यात मोडक्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे, नळाच्या तोट्या, गंजलेले बोल्ट, वायरचे तुकडे आणि बंद पडलेली कुलुपे साठत जातात. जागा अडली की ते पोते लोखंडाच्या भावाने उचलून दिले जाते. यात नुकसान किती होते, हे फार थोडे लोक मोजतात.

हिशेब साधा आहे. पितळेच्या भंगाराचा भाव लोखंडाच्या भंगारापेक्षा साधारणपणे दहा पटीहून अधिक असतो. समजा, २० किलोच्या पोत्यात ३ किलो पितळ आहे. भाव दहा पट धरला तरी त्या ३ किलोची किंमत ३० किलो लोखंडाइतकी होते. म्हणजे निवडून विकल्यास ४७ किलो लोखंडाचे पैसे हाती येतात. न निवडता विकल्यास फक्त २० किलोचे. निम्म्याहून अधिक रक्कम केवळ आळसापायी जाते.

माल कसा ओळखावा?

पहिले साधन म्हणजे लोहचुंबक. चिकटले तर लोखंड, पोलाद किंवा बीड समजावे. पिवळी दिसणारी कडी चुंबकाला चिकटली, तर ती पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी कडी होय. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त चिकटत नाहीत. स्टेनलेस स्टीलमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. चांगल्या प्रतीचे ३०४ स्टील सहसा चिकटत नाही, ४०० मालिकेतील स्टील चिकटते. म्हणून स्टेनलेसच्या बाबतीत केवळ चुंबकावर भरवसा ठेवू नये.

दुसरे साधन कानस. चमकदार नळ किंवा हँडल कडेला थोडे घासून पाहावे. आत पिवळे निघाले तर पितळ, लालसर निघाले तर तांबे, आणि करडे-पांढरे निघाले तर बहुधा जस्ताचे ओतीव काम. आजकालचे बरेच स्वस्त नळ व हँडल जस्ताचेच असतात. हातात घेतल्यावर ते त्याच आकाराच्या पितळेपेक्षा हलके लागतात.

तिसरे साधन ग्राइंडर. पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर उडतात, बिडाच्या आखूड व लालसर. पितळ-तांब्याच्या ठिणग्या उडत नाहीत.

वितळवण्यापूर्वी विचार करा

प्रत्येक जुनी वस्तू भट्टीसाठी नसते. वाडे आणि जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा निघणाऱ्या ओतीव पितळी कड्या, मुठी, साखळ्या आणि जाड बिजागऱ्या वजनावर विकणे म्हणजे कारागिराच्या मजुरीची किंमत शून्य करणे होय. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर, तसेच गुजरातेतील अलंगच्या रस्त्यावरील दुकानांत जहाजांतून निघालेले हार्डवेअर नगावर विकले जाते ते याचसाठी. घराच्या सजावटीसाठी असा माल शोधणारे ग्राहक आहेत.

अशा वस्तूंची दुरुस्ती अवघड नाही. गंजलेली बिजागरी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावी, तारेच्या ब्रशने घासावी आणि तेल द्यावे. पितळ चिंच व मिठाने उजळते. नंतर स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावे. मात्र फार जुन्या नगावर जोरकस पॉलिश करू नये. जाणकार ग्राहक जुनी झाक पाहूनच पैसे देतो. चांगले बोल्ट, नट व वॉशर मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवल्यास किरकोळ कामात नवीन घ्यावे लागत नाहीत. परंतु वजन पेलणारे बोल्ट, साखळ्या आणि हूक एकदा वाकले किंवा चिरले असतील तर ते पुन्हा वापरू नयेत. तेथे दोन पैशांची बचत माणसाच्या जिवावर बेतू शकते.

उरलेला माल भट्टीला जातो. लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या स्टील कारखान्यांत सळ्यांसाठी, तर पितळ जामनगर व मुरादाबादच्या कारागिरांकडे. अ‍ॅल्युमिनियम भंगारापासून तयार करायला खनिजापासून काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. त्यामुळे या मालाला मागणी कायम राहते.

काय करू नये?

वायर जाळून तांबे काढू नये. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि काळे पडलेले तांबे कमी भावाने जाते. सोलून काढलेल्या चकचकीत तांब्याला जास्त भाव मिळतो. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर बंद खोलीत वेल्डिंग किंवा कटिंग करू नये, त्या धुराने थंडी-ताप भरतो. बंद टाकी, पिंप किंवा सिलिंडर कापू नये. जुन्या बॅटऱ्या घरी फोडू नयेत.

अनोळखी, सीलबंद आणि आकाराच्या मानाने फार जड वस्तू, विशेषतः किरणोत्साराचे चिन्ह असलेली, अजिबात उघडू नये. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले एक जुने यंत्र फोडले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. अनेक जण आजारी पडले व एका कामगाराचा मृत्यू झाला.

कागद आणि काटा

भंगाराच्या व्यापाऱ्याला सर्वांत मोठा धोका चोरीच्या मालाचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना माल घेणे गुन्हा आहे. रेल्वेच्या मालासाठी तर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात माल कायदेशीर मार्गाने आला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. गटाराची झाकणे, वीज कंपनीची तार, रेल्वेचे नट-बोल्ट कितीही स्वस्त मिळाले तरी परत पाठवावेत. प्रत्येक खरेदीची तारीख, वजन, विकणाऱ्याचे नाव व ओळखपत्र वहीत नोंदवावे. पोलीस दारात आल्यावर ही वहीच आपली साक्षीदार असते.

जीएसटीतही १० ऑक्टोबर २०२४ पासून बदल झाला आहे. नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. दोघेही नोंदणीकृत असून व्यवहार अडीच लाखांवर असेल, तर घेणाऱ्याने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. आपल्या बाबतीत काय लागू होते, हे कर सल्लागाराकडून एकदा समजून घ्यावे.

शेवटची गोष्ट काट्याची. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी करून घ्यावी. या धंद्यात माल आणणारा बहुधा गरीब, फेरीवाला किंवा कचरा वेचणारी बाई असते. तिला भाव माहीत नसतो. मापात कमी न करण्याची ताकीद आपल्या दीनने किती कडक शब्दांत दिली आहे, ते आमच्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. ज्याचा काटा खरा, त्याच्या दारात माल आपोआप येतो.