आकाशातील संभाषण : वैमानिक विद्यार्थी आणि रेडिओची भाषा

सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या आपल्या भागात राहणाऱ्यांना लोहगावकडे उतरणारे विमान ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. लहान मुले तेवढी अजून मान वर करून पाहतात. विमानाचा आवाज आपल्याला ऐकू येतो, पण त्याच वेळी वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यात चाललेले बोलणे आपल्या कानी पडत नाही. (लोहगावचा तळ हवाई दलाचा असल्याने तेथील नियंत्रणही हवाई दलाकडे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) या बोलण्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले, त्याला एक प्रसंग कारण झाला.

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गातील बारावी शास्त्र शाखेच्या एका विद्यार्थ्याला वैमानिक व्हायचे आहे. गणित उत्तम आहे. पैशाची अडचण आहे, ती आम्ही गृहीत धरलीच होती. पण त्याने सांगितलेली पहिली अडचण निराळी निघाली. तो म्हणाला, "सर, रेडिओवर फाडफाड इंग्रजी बोलावे लागते. मी मराठी माध्यमाचा. समोरचा बोलला आणि मला कळलेच नाही तर?"

ही भीती आपल्या घराघरांतील आहे. म्हणून तिचे उत्तर नुसत्या धीराच्या शब्दांनी न देता माहितीने द्यावे, असे आम्ही ठरविले.

विमानातील रेडिओ टेलिफोनसारखा नसतो. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. एकाच लहरीवर परिसरातील सगळी विमाने असतात. दोघांनी एकदम बटण दाबले तर नुसती खरखर किंवा शीळ ऐकू येते आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून आधी ऐकायचे, मग मनात वाक्य जुळवायचे आणि मगच बोलायचे : कोणाला हाक मारतो, मी कोण, कोठे आहे, काय हवे. बस्स. सम्यक वाचेत व्यर्थ बडबड वर्ज्य सांगितली आहे. रेडिओवर ती खरोखरच कोणाच्या तरी जिवावर येऊ शकते.

अक्षरे ऐकण्यात चुकतात. बी, डी, पी, टी ही एकमेकांसारखी वाटतात, म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ठरीव नावे आहेत. भारतीय विमानांची नोंदणी व्हीटी या अक्षरांनी सुरू होते, ती 'व्हिक्टर टँगो' अशी उच्चारतात. आकड्यांचेही तसेच. फाईव्ह आणि नाईन यांची गल्लत होऊ नये म्हणून 'फाईफ' आणि 'नाईनर'. 'थ्री'चा 'ट्री' होतो. शाळेत असा उच्चार केला तर हसतील, आणि येथे तोच शुद्ध! सांगायचा मुद्दा हा की ही भाषा साहेबाच्या दिवाणखान्यातील इंग्रजी नव्हे. काही ठरीव शब्दांची ती कामाची बोली आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही ती पहिल्यापासूनच शिकावी लागते.

या बोलीचा प्राण म्हणजे 'रीडबॅक'. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी यांविषयी दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर आहे की नाही हे नियंत्रकाने ऐकायचे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एक मालवाहू बोइंग ७४७ उतरत होते. नियंत्रकाने २,४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले, 'टू फोर झीरो झीरो'. त्यातला 'टू' हा आकडा वैमानिकांनी 'पर्यंत' या अर्थाचा घेतला आणि 'फोर झीरो झीरो' असे उत्तर दिले. म्हणजे ४०० फूट! ती चूक नियंत्रकाने दुरुस्त केली नाही. विमान टेकडीवर आदळले आणि त्यातील चौघेही मरण पावले. येथे दोन्ही बाजूंना इंग्रजी येत होते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून नुसते 'रॉजर' म्हणून चालत नाही. रॉजरचा अर्थ 'तुमचे बोलणे मिळाले' एवढाच. 'होय' असा नाही. आपल्या वर्गात गुरुजी "समजले का?" विचारतात आणि सगळी मुले "हो" म्हणतात. न समजलेला मुलगा सर्वांत मोठ्याने म्हणतो, कारण कोणी हसू नये. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला ही सवय हाडीमाशी लागलेली असते, आम्हालाही होती. रीडबॅकमध्ये ही पळवाट बंद होते. पण त्याच नियमपुस्तकात दुसरी वाट उघडी ठेवली आहे : 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांगा, आणि 'स्पीक स्लोअर', म्हणजे सावकाश बोला. हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेले अधिकृत शब्द आहेत. ते उच्चारणे हा कमीपणा नाही, तो कामाचाच भाग आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजी येत नसले तरी भागते, असे आम्ही म्हणणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीला येणारे कझाक विमान यांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. सौदी विमानाला १४,००० फूट आणि कझाक विमानाला १५,००० फूट उंची ठरवून दिली होती. कझाक विमान त्याहून खाली आले. त्यात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालविणारे वेगळे होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत वैमानिकाचे अपुरे इंग्रजी हेही एक कारण नोंदविले गेले. पुढे मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भाषेच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी आवश्यक ठरली. या पातळीवर उच्चारात मातृभाषेची छाप चालते. समजण्यात ती वरचेवर आड येऊ नये, एवढीच अट.

रेडिओ वापरण्याचा परवाना वेगळा असतो. त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खाते घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आले. खर्चाचा विषय मोठा आहे, तो स्वतंत्र लेखाचा.

सरावाला मात्र पैसा लागत नाही. आम्ही अभ्यासवर्गात दोघांना पाठीला पाठ लावून बसवितो, कारण रेडिओवर चेहरा दिसत नाही. एकाने कागदावरील दिशा, उंची, धावपट्टी इंग्रजीत वाचायची. दुसऱ्याने परत म्हणायची. पहिल्याने चूक पकडायची. मधूनच वाचणारा मुद्दाम घाई करतो. पहिल्या संध्याकाळी त्या मुलाने सात वेळा 'से अगेन' म्हटले. पाठीमागच्या बाकावरची दोन मुले हसली, तेव्हा त्यांनाच कागद देऊन बसविले.